माणूस गेल्यावरचा दावा आणि प्रतिवादीची कैफियत

कुणाचा तरी जीव तुमच्या चुकीमुळे गेला, भरपाई द्या, असं दिवाणी कोर्टाचं समन्स घरी आलं की माणूस हादरतो आणि एकतर ते कपाटात टाकून देतो नाहीतर वकिलाला सांगतो की सगळं खोटं आहे असं लिहून टाका. दोन्ही चूक. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं (ज्याच्यावर दावा आहे त्याचं) लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते, कोर्टानं कारणं नोंदवून मुदत वाढवली तर ९० दिवसांपर्यंत, आणि "मजकूर खोटा असून प्रतिवादीस कबूल नाही" एवढं मोघम लिहून भागत नाही, वादपत्रातली (दावा लावणाऱ्याच्या अर्जातली) एकेक गोष्ट धरून नाकारावी लागते, नाहीतर ती मान्य केली असंच कोर्ट धरू शकतं.

पण एकेकाळी प्रतिवादीला यातलं काहीच लागत नव्हतं. १८०८ ला इंग्लंडमध्ये एक घोडागाडी उलटली, नवरा जखमी झाला आणि बायको महिन्याभरानं हॉस्पिटलमध्ये वारली. न्यायाधीश लॉर्ड एलनबरोनी नवऱ्याला स्वतःच्या जखमांची आणि बायको जिवंत होती तेवढ्याच दिवसांची भरपाई धरली, कारण माणसाचा मृत्यू ही दिवाणी कोर्टात मागण्यासारखी हानीच नाही असं त्यांचं म्हणणं. म्हणजे जखमी केलं तर पैसे द्या, आणि जीवच गेला तर सुटलात! मला हे आजही वाचवत नाही.

मग रेल्वे आली, अपघातात माणसं मरायला लागली आणि १८४६ ला तिथं मृत्यूबद्दल घरच्यांना भरपाई मागू देणारा लॉर्ड कॅम्पबेलचा कायदा झाला. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ ला धावली आणि १८५५ ला त्याच धर्तीवर प्राणघातक अपघात कायदा आला, तो अजून लागू आहे. त्याचं सूत्र असं की गेलेला माणूस जगला असता तर ज्या चुकीबद्दल त्याला दावा लावता आला असता, त्याच चुकीबद्दल त्याच्या मृत्यूनंतर नवरा-बायको, आईवडील, मुलांसाठी दावा चालेल. प्रतिवादीची जवळजवळ सगळी उत्तरं इथूनच निघतात, म्हणजे चूक माझी नव्हती, चूक त्याचीही होती, मुदत संपली (आता दोन वर्षं), किंवा दावा ज्यांच्यासाठी आहे ते या नात्यांत बसतच नाहीत, उदाहरणार्थ भाऊ.

सरकारकडे अजून एक उत्तर होतं, की आम्ही राज्यसत्ता, आमच्यावर दावाच नाही. उदयपूरला कलेक्टरची जीप वर्कशॉपमधून परत येताना एकाला उडवून गेली त्यात राजस्थान सरकारनं हेच म्हटलं आणि १९६२ ला सुप्रीम कोर्टानं ते उडवून लावलं. दिल्लीत चांदनी चौकातला घंटाघर कोसळून माणसं गेली तेव्हा महापालिका म्हणाली की आतला दोष वरून दिसत नव्हता, तर १९६६ ला कोर्टानं सांगितलं की इमारत ८० वर्षांची, तिचं आयुष्य ४०-४५ चं, तपासायला कुणी अडवलं होतं.

आणि आपल्या इथला खटला तर प्रत्येकानं वाचावा असा आहे. मे १९५३, रत्नागिरी जिल्ह्यातलं पालशेत, समुद्रकिनाऱ्यावर २० वर्षांच्या मुलाच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं, घरच्यांनी टॅक्सी करून त्याला पुण्याला डॉक्टरांकडे नेलं आणि पोचले त्याच रात्री तो गेला. वडिलांनी दावा लावला. डॉक्टरांचं उत्तर असं की मी पायाला फक्त हलका ताण दिला, जोर लावलाच नाही, मृत्यू रक्तात चरबीची गुठळी अडकून झाला. पुरावा मात्र उलटा निघाला. भूल न देता, तीन माणसं लावून पाय ओढला होता, त्या धक्क्यानं मुलगा गेला, आणि गुठळीचं कारण खरं झाकायला पुढे केलं असं कोर्टानं धरलं. भरपाई ३,००० रुपये. हायकोर्टानं ती कायम ठेवली, सुप्रीम कोर्टानंही, आणि तो शेवटचा निकाल लागला तेव्हा १९६८ चा मे उजाडला होता, म्हणजे मुलाला जाऊन १५ वर्षं झाली होती.