"तिला सांगू नका" हे कुठून आलं

आमच्या आत्याच्या वेळी, म्हणजे नव्वदच्या दशकात, घरात कॅन्सर हा शब्दच कुणी तोंडातून काढत नव्हतं, "तिला ते झालंय" एवढंच आणि तेही हळू आवाजात. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायची, दादरला उतरायचं, तिथून परळला टाटाला. फाईल बाबांच्या मांडीवर, तिच्या हातात कधीच नाही. एकदा येताना कसारा घाटात तिने विचारलं, "दादा, किती दिवस आहेत रे माझे?" आणि बाबा म्हणाले, "चहा घेतेस का?" ते अजूनही सांगताना गप्प होतात.

हे फक्त आपल्याकडचं नाही बरं का. १९६१ मध्ये अमेरिकेत २१९ डॉक्टरांना विचारलं तर ९० टक्के म्हणाले आम्ही पेशंटला कॅन्सर आहे असं सांगत नाही, १९७९ पर्यंत मात्र ९७ टक्के सांगायला लागले. मधल्या काळात उपचार सुधारले, माणसं जगायला लागली, मग घाबरलेल्या मनाचं काय हा प्रश्न समोर आला. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये डॉ. जिमी हॉलंड या बाईंनी १९७७ ला कॅन्सर पेशंटसाठी मानसोपचार विभाग उभा केला, पुढे यालाच सायको-ऑन्कोलॉजी म्हणायला लागले. मग एक साधा कागद आला, त्यावर थर्मामीटरचं चित्र, गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला ते शून्य ते दहात खूण करायची, चार किंवा वर असेल तर पुढे बोलायला हवं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते, कारण "मला भीती वाटते" म्हणायला जीभ वळत नाही पण सातवर बोट ठेवता येतं.

टाटा हॉस्पिटल १९४१ चं, पण मुंबईत पेशंटला धीर द्यायचं काम बरंचसं संस्थांनी उचललं, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून आणि व्ही केअर १९९४ पासून, आणि व्ही केअरचे बरेच स्वयंसेवक स्वतः या आजारातून गेलेले. "मलाही झाला होता" हे वाक्य डॉक्टरच्या तोंडून येत नाही.

आता केमो, रेडिएशन नाशकातच होतं, पंचवटीची धावपळ वाचली. पण नातेवाईक अजूनही केबिनबाहेर डॉक्टरांना गाठून "आईला सांगू नका" म्हणताना मी बघितलेत. तुमच्या घरी कुणाचं चालू असेल तर केमोची तारीख विचारता तसंच काउन्सेलर कधी बसतात तेही विचारा, आणि रात्री अगदीच राहवलं नाही तर मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेली मानस हा फोन नंबर आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.