ब्लँकिंग की पिअर्सिंग? आधी सांगा, चकती हवी की भोक

वर पंच म्हणजे कापणारा दांडा, खाली डाय म्हणजे भोक असलेला ठोकळा, मधे पत्रा. प्रेस खाली आली की एक गोल तुकडा डायमधून खाली पडतो आणि पत्र्याला भोक राहतं. आता हे ब्लँकिंग झालं की पिअर्सिंग? नुसतं चालू प्रेसकडे बघून हे कोणालाच सांगता येणार नाही, कारण पत्र्याच्या बाजूने बघितलं तर दोन्ही एकच काम आहे. फरक आहे तो तुम्ही खोक्यात काय भरता त्याचा. खाली पडलेली चकती खोक्यात गेली आणि वरची पट्टी भंगारात गेली तर ब्लँकिंग, भोक पडलेला पत्रा पुढे गेला आणि चकती भंगारात गेली तर पिअर्सिंग. घरी वाटीने पुऱ्या कापतो तेव्हा पुरी हवी असते, उरलेलं पीठ परत गोळ्यात जातं, ते ब्लँकिंग. आणि आपल्याकडे भोकाचे वडे करतात त्यात वडा हवा असतो, ते पिअर्सिंगच्या घरातलं. एवढं सगळ्यांना कळतं. आयटीआयमधून आलेली मुलं व्याख्या पाठ म्हणून दाखवतात. पण टूल बनवायला बसलं की माप नेमकं कशावर घ्यायचं, पंचावर की डायवर, तिथे गडबड होते, आणि ही गडबड महागात जाते म्हणून हे सगळं लिहितोय.

मी शिकायला होतो तेव्हा कुडाळला एका लहान शॉपमध्ये होडीच्या इंजिनाच्या ब्रॅकेटचं काम आलेलं. ३ मिमी पत्रा, १० चा बोल्ट जायचा म्हणून ड्रॉइंगवर १०.२ चं भोक. मी डाय १०.२ ची केली आणि क्लिअरन्स, म्हणजे पंच आणि डाय यांच्यातली फट, पंचातून काढला, बाजूला ०.१८ म्हणजे व्यासात ०.३६, पंच झाला ९.८४. चारशे पीस मारून झाले, असेंब्लीला नेले आणि बोल्ट आतच जाईना. एक पीस, दुसरा पीस, दहावा पीस, सगळे तसेच. आमचे उस्ताद आले, त्यांनी पीस हातात घेतला, भोकाला व्हर्नियर लावला, पंच बघितला, आणि आवाज न चढवता मला म्हणाले, "तुका काय व्हया? चकती व्हयी काय भोक व्हया?" मी म्हटलं भोक. "मगे माप पंचार घे." बस एवढंच. त्या चारशे पिसांना मी दोन दिवस उभा राहून ड्रिल मारलं आणि तेव्हापासून कुठलंही कटिंग टूल हातात घेतलं की आधी तो प्रश्न विचारतो.

आता हे असं का, ते नीट समजून घेऊ, कारण नुसता नियम पाठ केला तर घाईत उलटा होतो.

पत्रा कात्रीने कापल्यासारखा सरळ कापला जात नाही. पंच टेकला की आधी पत्रा जरा वाकतो, कडेला गोलाई येते. मग पंच आत घुसतो तसा पत्रा खरा कापला जातो आणि तिथे चकचकीत पट्टा तयार होतो. मग अर्ध्याच्या आसपास गेला की उरलेली जाडी तडकून तुटते, तो भाग खरखरीत, मळकट, थोडा तिरका, आणि शेवटी टोकाला बर, म्हणजे बाहेर आलेली बारीक धारदार कड. वॉशरची कड भिंगाखाली धरून बघा, चारही थर वेगवेगळे दिसतात. साध्या पोलादी पत्र्यात क्लिअरन्स बरोबर असेल तर चकचकीत पट्टा साधारण जाडीच्या एक तृतीयांश असतो. आपण मायक्रोमीटर लावतो तो याच पट्ट्यावर लागतो, आणि बोल्ट अडकतो किंवा सुटतो तोही याच पट्ट्यावर.

आता मुद्दा बघा. चकती डायच्या आत ढकलली जाते, म्हणजे तिच्या बाहेरच्या कडेवरचा चकचकीत पट्टा डायच्या भिंतीला घासून झालेला असतो. म्हणून चकतीचं माप म्हणजे डायचं माप. भोकाच्या आत मात्र पंच उतरलेला असतो, तिथला चकचकीत पट्टा पंचाने घासलेला असतो, म्हणून भोकाचं माप म्हणजे पंचाचं माप. एकाच स्ट्रोकमध्ये, एकाच कटमध्ये, खाली पडलेली चकती आणि वरचं भोक सारख्या मापाचे नसतात, दोघांत पूर्ण क्लिअरन्सएवढा फरक असतो. खोटं वाटत असेल तर पडलेली चकती पुन्हा त्याच भोकात बसवून बघा, सहज बसत नाही.

त्यातून निघालं ते असं की ब्लँकिंगमध्ये डाय जॉबच्या, म्हणजे हव्या असलेल्या तुकड्याच्या, मापाची आणि क्लिअरन्स पंचातून कमी करायचा, पिअर्सिंगमध्ये पंच भोकाच्या मापाचा आणि क्लिअरन्स डायमध्ये वाढवायचा.

एक उदाहरण घेऊ, आपल्या कोकणातलं. छपराच्या पत्र्याला जे-हूक लावतो त्यावर बिटुमेनचा वॉशर आणि वर जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचा, चपटा वॉशर येतो. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनारा घासत गुजरातकडे गेलं, दोन्ही वेळेला किती छपरं उडाली ते इकडच्या माणसाला सांगायला नको, त्यानंतर हा एवढासा वॉशर किती कामाचा ते लोकांना कळलं. समजा वॉशर बाहेरून २५, आतून ९, पत्रा १.६ मिमी. साध्या पोलादाला एका बाजूचा क्लिअरन्स जाडीच्या ५ ते ८ टक्के धरतात, मी ६ धरतो, म्हणजे जवळपास ०.१, दोन्ही बाजू मिळून ०.२. बाहेरचं २५ ब्लँकिंग आहे, तर डाय २५.०० आणि पंच २४.८०. आतलं ९ पिअर्सिंग आहे, तर पंच ९.०० आणि डाय ९.२०. एकाच वॉशरमध्ये दोन्ही आले आणि दोन्हीकडे नियम उलटा लागला, म्हणून शिकवायला वॉशरसारखी वस्तू नाही.

किती टन लागेल तेही दोन्हीला एकाच हिशेबाने निघतं, परीघ गुणिले जाडी गुणिले पत्र्याची शिअर स्ट्रेंग्थ, म्हणजे दर चौरस मिमी कापायला लागणारा जोर, इथे ३५० न्यूटन. बाहेरचा परीघ ७८.५, आतला २८.३, मिळून १०७ च्या आसपास, त्याला १.६ ने आणि ३५० ने गुणलं की जवळपास ६० हजार न्यूटन, म्हणजे ६ टन. वर स्ट्रिपिंग (पंचावरून पत्रा सोडवणं) आणि बोथट धारेचं मार्जिन धरून १० टनाची प्रेस घ्यायची. इथे फरक काही नाही.

फरक पुन्हा येतो तो धार तिरकी करताना. मोठं कटिंग असलं की लोड कमी करायला धारेला शिअर देतात, म्हणजे सगळी धार एकदम न टेकता एका बाजूने टेकत जाते. पण ज्याला शिअर दिला त्याच्या समोरचा तुकडा वाकतो. म्हणून ब्लँकिंगमध्ये शिअर डायला द्यायचा आणि पंच सपाट ठेवायचा, चकती सपाट राहते, वाकतो तो भंगाराचा पत्रा. पिअर्सिंगमध्ये शिअर पंचाला, डाय सपाट, जॉब सपाट राहतो आणि वाकतो तो स्लग, म्हणजे भंगारात जाणारी चकती. परत तोच प्रश्न, तुका काय व्हया.

बरच्या बाबतीत तर फार लोक चुकतात. चकतीला बर पंचाच्या बाजूला येतो, म्हणजे वर. भोकाला बर डायच्या बाजूला येतो, म्हणजे खाली. आता प्रोग्रेसिव्ह टूलमध्ये वॉशर काढला, पहिल्या स्टेशनला भोक, पट्टी एक पिच पुढे सरकली, पट्टी जागेवर धरणारी पायलट पिन भोकात बसली आणि दुसऱ्या स्टेशनला बाहेरचा गोल कापला, तर भोकाचा बर एका तोंडाला आणि बाहेरचा बर दुसऱ्या तोंडाला. वॉशर कसाही ठेवा, एक बर खालीच येणार. तोच वॉशर कंपाउंड टूलमध्ये, म्हणजे दोन्ही कट एकाच स्ट्रोकला मारणाऱ्या टूलमध्ये, काढला तर दोन्ही बर एकाच तोंडाला येतात, तो बर वरच्या बाजूला ठेवून वॉशर बसवला की खालच्या बिटुमेनला टोचत नाही.

कंपाउंड टूलची रचना मला फार आवडते, जरा थांबून बघा. खाली मधोमध एक नळीसारखा ब्लॉक असतो. त्याची बाहेरची कड वॉशरच्या बाहेरच्या गोलाला पंच म्हणून काम करते आणि त्याचंच आतलं भोक वॉशरच्या भोकाला डाय म्हणून काम करतं. वर असते ब्लँकिंगची डाय आणि तिच्या पोटात पिअर्सिंगचा पंच. आता मापं टाका: वरची डाय २५.००, वरचा पंच ९.००, दोन्ही थेट ड्रॉइंगची मापं. खालचा ब्लॉक बाहेरून २४.८०, आतून ९.२०. सगळा क्लिअरन्स त्या एका ब्लॉकने अंगावर घेतला. शिवाय दोन्ही कट एकाच स्ट्रोकला एकाच सेंटरवर होतात म्हणून भोक मधे बरोबर येतं, पट्टी सरकण्यातली चूक येत नाही. ज्या मुलाला ब्लँकिंग-पिअर्सिंग गोंधळवतं त्याला मी हे टूल उघडून त्या ब्लॉकला मायक्रोमीटर लावायला सांगतो, एकदा स्वतः मोजलं की डोक्यात बसतं.

आता चूक झालीच तर. पिअर्सिंग उलटं केलं, माझ्या ब्रॅकेटसारखं, तर पंच लहान असतो, तो नवा करायचा आणि डाय मोठी करून घ्यायची, वायरकटवर, म्हणजे विजेच्या तारेने कापणाऱ्या मशीनवर, होऊन जातं. ब्लँकिंग उलटं केलं, पंच २५.०० आणि डाय २५.२०, तर डायच मोठी झालेली असते, आणि मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. डी-टू पोलादाचा ब्लॉक, हार्डनिंग, ग्राइंडिंग, वायरकट, सगळं पाण्यात. म्हणून बाहेर वायरकटला काम पाठवताना नुसतं "क्लिअरन्स ०.१" असं लिहून देऊ नका, पंचाचं माप वेगळं आणि डायचं माप वेगळं, आकड्यात लिहून द्या. ही फट पंचातून काढायची की डायमध्ये टाकायची ते ऑपरेटरने ठरवायचं नाही, ते टूल डिझाइन करणाऱ्याचं काम आहे.

झीज धरली तर अजून एक गोष्ट येते. डाय झिजते तशी मोठी होते आणि चकती वाढत जाते. पंच झिजतो तसा बारीक होतो आणि भोक लहान होत जातं. म्हणून चकतीला जी टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, दिली असेल तिच्या खालच्या टोकाला डाय बनवायची, आणि भोकाच्या टॉलरन्सच्या वरच्या टोकाला पंच. भोक ९.० ते ९.३ चालत असेल तर मी पंच ९.२ च्या वर नेतो, म्हणजे झिजायला जागा राहते. त्यात पत्रा थोडा स्प्रिंग होतो, भोक कापल्यावर किंचित आवळतं, म्हणूनही पंच वरच्या टोकाला ठेवलेला बरा.

धार लावायला टूल ग्राइंडिंगला घेतलं की पंच तोंडावरून कितीही ग्राइंड करा, त्याचं माप बदलत नाही. डायचं तसं नाही. डायच्या तोंडाला ३ ते ५ मिमी सरळ भिंत असते, तिला लँड म्हणतात, आणि खाली चकती मोकळी पडावी म्हणून अर्धा-एक अंश टेपर. लँड आहे तोवर ठीक, लँड संपून टेपरमध्ये गेलात की दर ग्राइंडिंगला डाय मोठी. पिअर्सिंगमध्ये यामुळे नुसता क्लिअरन्स वाढतो, बर वाढतो, भोकाचं माप तसंच राहतं. ब्लँकिंगमध्ये मात्र जॉबचं मापच जातं. म्हणून ब्लँकिंग डायची लँड किती उरली ते टूलच्या कार्डावर लिहून ठेवायची सवय लावा.

आपल्याकडे अजून एक त्रास आहे, खारा दमट वारा. रत्नागिरीजवळचं मिरजोळे असो की कुडाळ, जून ते सप्टेंबर नुसतं पाणी, रत्नागिरीला वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. शनिवारी टूल उघडं ठेवलं की सोमवारी धारेवर तांबूस. तो गंज पुसला जातो पण बारीक खड्डे राहतात आणि तेवढ्या जागी बर येतो. ब्लँकिंगला डायची आतली भिंत आणि पिअर्सिंगला पंचाचं अंग, माप देणारी जागा ती, तिथे आधी तेल. आणि जीआय पत्रा मारत असाल तर पंचाच्या अंगावर जस्त चिकटत जातं, भोक ओरबाडल्यासारखं येतं, ते धारेच्या दगडाने हळू काढायचं, पॉलिश पेपरने नाही.

राहिलं ते दोन्ही हवं असेल तेव्हा काय करायचं. हे खरोखर होतं. गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक आलं, २ मिमी प्लेटला २० चं भोक आणि पडणारी २० ची चकती दुसऱ्या जागी वॉशर म्हणून वापरायची, पत्रा वाया जायला नको म्हणून. बरोबरच आहे त्यांचं. पण क्लिअरन्स बाजूला ०.१२ धरला तर भोक २०.०० आणि चकती २०.२४, एका कटमध्ये दोन्ही २०.०० मिळूच शकत नाहीत. मी विचारलं कशात काय बसतं, तर प्लेटमध्ये बुश बसणार होतं आणि चकतीला अर्धा मिमी इकडेतिकडे चालणार होतं. मग ते पिअर्सिंग धरलं, पंच २०.००, डाय २०.२४, आणि चकतीच्या ड्रॉइंगवर २०.२४ लिहून त्यांची सही घेतली. दोन्हीकडे टाइट माप असतं तर चकतीला वेगळा कट द्यावा लागला असता, आणि मग पत्रा वाचवल्याचा फायदा उरला नसता.