लाइव्ह पेनड्राइव्ह आणि पेनड्राइव्हवर इन्स्टॉल केलेले लिनक्स

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून आणलेले ३२ जीबीचे दोन सारखे पेनड्राइव्ह माझ्या टेबलावर असतात. दोन्हींवरून संगणक लिनक्समध्ये, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या एका संगणकप्रणालीत, सुरू होतो आणि पडद्यावर दोन्हींत काहीच फरक दिसत नाही, म्हणून एकाला मी लाल दोरा बांधला आहे. दोरा बांधलेला ‘लाइव्ह’ आहे. बिनदोऱ्याच्यावर लिनक्स रीतसर इन्स्टॉल केलेले आहे. लोक दोन्हींना ‘लिनक्सचा पेनड्राइव्ह’ म्हणतात आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

लाइव्ह पेनड्राइव्हवर संपूर्ण यंत्रणा एकाच दाबून बसवलेल्या फाइलमध्ये असते, आणि ती फाइल फक्त वाचता येते. संगणक चालू असताना आपण जे बदल करतो ते रॅममध्ये, त्या फाइलवर पसरलेल्या एका तात्पुरत्या थरात साठतात. छापील पंचांगावर पातळ ट्रेसिंग कागद ठेवून पेन्सिलीने खुणा कराव्यात, तसा हा प्रकार आहे: संगणक बंद केला की कागद जातो आणि पंचांग कोरेच्या कोरे राहते. क्लाउस नॉपर यांच्या नॉपिक्सने २००० साली हीच पद्धत सीडीवर लोकप्रिय केली. सीडीवर लिहिता येत नसल्यामुळे तिथे दुसरा इलाज नव्हताच.

हा ट्रेसिंग कागद पेनड्राइव्हवरच जपून ठेवण्याची सोय म्हणजे ‘पर्सिस्टन्स’. ती सुरू केली की फाइली आणि सेटिंग टिकतात, आणि आता हे इन्स्टॉल केल्यासारखेच झाले असे वाटू लागते. पण तसे नसते. एखादा प्रोग्राम अपडेट केला, तर जुनी प्रत मूळ फाइलमध्ये राहते आणि नवी वरच्या थरात जागा घेते. मूळचा प्रोग्राम काढून टाकला तरी एक एमबीसुद्धा मोकळी होत नाही. कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, तर सुरुवातीलाच मूळ फाइलींतून घेतला जात असल्यामुळे, अपडेट केलेला नवा कर्नल बहुधा वापरात येतच नाही. शिवाय हा थर एफएटी३२ या जुन्या पद्धतीने आखलेल्या विभाजनावरच्या (पार्टिशनवरच्या) फाइलीत ठेवला, तर त्याला ४ जीबीची मर्यादा पडते.

इन्स्टॉल केलेल्या पेनड्राइव्हवर यातले काही नसते, कारण संगणकाच्या दृष्टीने ती एक साधी हार्ड डिस्कच असते. कर्नल बदलतो, काढलेल्या प्रोग्रामची जागा मोकळी होते. मात्र लॉग, कॅश आणि ब्राउझरचे बारीकसारीक लेखन सतत चालू राहते. स्वस्त पेनड्राइव्ह मोठी फाइल झटकन लिहितात, पण अशा फुटकळ लेखनाला अडखळतात आणि लवकर झिजतात. रोजच्या वापरासाठी मी तरी बाहेरून जोडायची एसएसडीच (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) घ्यायला सांगेन. (विंडोजमध्ये याच्या जवळपास जाणारी ‘विंडोज टू गो’ ही सोय २०१२ मध्ये आली होती, २०२० मध्ये ती काढून टाकण्यात आली.)

बिनदोऱ्याचा पेनड्राइव्ह मी रामबागेतल्या एका काकांच्या लॅपटॉपवर तयार केला, तेव्हा एक चूक झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, “अरे, काळ्या पडद्यावर नुसतं ‘ग्रब’ लिहून येतंय, विंडोज कुठं गेलं?” विंडोज जागेवरच होते. लिनक्स पेनड्राइव्हवर गेले होते, पण ते सुरू करून देणारा ‘ग्रब’ नावाचा बूटलोडर मात्र लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवरील ईएफआय विभाजनात, म्हणजे बूटलोडर ठेवण्याच्या छोट्या भागात, जाऊन बसला होता, आणि पेनड्राइव्ह माझ्या खिशात होता. बूट मेनूतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडून, नंतर बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) तोच पर्याय पहिला लावून दिल्यावर काकांचे काम सुरू झाले. तेव्हापासून असे इन्स्टॉलेशन करण्याआधी मी आतली डिस्क काढून ठेवतो किंवा बायोसमधून बंद करतो.

काकांनी माझ्याकडून मागून घेतला तो लाल दोऱ्याचा. त्यांना जुन्या, विंडोज सुरूच न होणाऱ्या संगणकातले मुंजीचे फोटो बाहेर काढायचे होते, आणि त्या कामाला पेनड्राइव्हवर काहीही टिकून राहण्याची गरज नव्हती.