खानदेशची राजधानी खानदेशाबाहेर कशी गेली?

रावेर सोडून बऱ्हाणपूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना केळीचे मळे सुरू होतात. मध्येच कुठेतरी पाट्यांवरची मराठी जाऊन हिंदी येते. राज्य बदलल्याची खूण तेवढीच. माती तीच, तापी तीच आणि बाजारात कानावर पडणारी बोलीही ओळखीची. तरीही आपल्याकडच्या कितीतरी शिकल्यासवरल्या माणसांना बऱ्हाणपूर म्हणजे फक्त मावा जिलबी. हे शहर दोनशे वर्षं खानदेशची राजधानी होतं, हे शाळेत कुणी ठासून सांगितलंच नाही.

गोष्ट सुरू होते ती आजच्या धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला. 1370 मध्ये फिरोजशाह तुघलकाने थाळनेरचा मुलूख मलिक राजा फारूकीला दिला आणि 1382 च्या सुमारास तो स्वतंत्र झाला. त्याचा मुलगा नासीर खान याने आसा अहिराकडून असीरगड घेतला. सातपुड्यातून दक्षिणेत उतरणारी वाट या गडाच्या नजरेखालून जाते. गडाच्या दक्षिणेला, तापीच्या काठी त्याने नवं शहर, म्हणजेच बऱ्हाणपूर, वसवलं आणि खुलताबादला विसावलेले सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचं नाव त्याला दिलं. नदीपल्याडच्या वस्तीला झैनुद्दीन शिराझी यांच्या नावावरून झैनाबाद म्हटलं गेलं. खानांचा देश म्हणून खानदेश, ही व्युत्पत्तीही याच घराण्याशी जोडली जाते.

फारूकींनी मागे ठेवलेल्यांत मला सगळ्यांत मोलाची वाटते ती शहराच्या मधोमध उभी असलेली जामा मशीद. राजा अली खानाच्या काळात, 1589 च्या सुमारास ती पुरी झाली. 15 कमानींची दर्शनी बाजू आणि दोन उंच मिनार लांबूनच दिसतात. पण आत गेल्यावर भिंतीपाशी थांबावं. तिथे अरबी लेखाच्या जोडीला संस्कृत लेख कोरलेला आहे, देवनागरीत, संवत आणि शकाच्या तिथीसह. सुरुवातच सृष्टिकर्त्याला नमन करून होते. मशिदीच्या भिंतीवर संस्कृत कोरून घेणारा राजा आपल्या खानदेशात होऊन गेला, हे प्रत्येक खानदेशी मुलाला ठाऊक असायला हवं.

1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला आणि फारूकींचं राज्य संपलं. शहराचं महत्त्व मात्र वाढलं, कारण दख्खनच्या साऱ्या मोहिमा इथूनच निघू लागल्या. फौजेला आणि वाढत्या वस्तीला पाणी पुरेना, तेव्हा मुघल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, 1615 च्या सुमारास कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे जमिनीखालून झिरपणारं पाणी बोगद्यात अडवायचं आणि निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणायचं, अशी ही रचना. वर ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडं दिसतात, त्यांनाच कुंड्या म्हणतात. हवा आणि उजेड तिथूनच आत जातो. लिफ्टने खाली उतरलं की गार पाणी पायांना लागतं, आणि भिंतींवर चुनखडीचा पांढरा थर इतका जाड की मूळ दगड दिसत नाही.

शाहजहानही इथेच तळ देऊन होता. 17 जून 1631 ला मुमताज महल बऱ्हाणपुरात बाळंतपणात गेली. सहा महिने तिचा देह झैनाबादच्या आहूखान्यात, म्हणजे शाही हरणांच्या बागेत होता, मग आग्र्याला नेला. शाही किल्ल्यातल्या हमामखान्याच्या छतावरची रंगीत नक्षी आजही बघायला मिळते. इथल्या तलम कापडाची चर्चा तेव्हा इराण-तुर्कस्तानपर्यंत होती. म्हणूनच 1681 च्या सुरुवातीला, संभाजी महाराजांच्या काळात हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने लुटीसाठी बऱ्हाणपूरच गाठलं.

मग ताटातूट झाली कधी? 1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाने बऱ्हाणपूर मराठ्यांना दिलं, पुढे ते शिंद्यांकडे गेलं. 1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनी खानदेश जिल्हा केला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला ठाणं मांडलं. बऱ्हाणपूर मात्र शिंद्यांकडेच राहिलं. 1860 मध्ये तेही इंग्रजांना मिळालं, पण तोवर कागदोपत्री वाट वेगळी झाली होती. त्यांनी ते निमाड जिल्ह्याला जोडलं, निमाड मध्य प्रांतात गेला आणि तिथून मध्य प्रदेशात. म्हणजे ही रेघ भाषेने आखली नाही, नदीनेही नाही. तहांच्या कागदांनी आखली. 2003 मध्ये बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला.

बघायला जाणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: आधी थाळनेरला जा. तिथे फारूकी राजांच्या कबरी आहेत, त्यांतल्या अष्टकोनी कबरीवरचं दगडी कोरीवकाम डोळे भरून पाहावं. शेजारी तापीकाठी किल्ल्याचे अवशेष आहेत. याच किल्ल्याच्या किल्लेदाराला, तुळशीराम मामाला, फेब्रुवारी 1818 मध्ये इंग्रज सेनापती हिस्लॉपने फाशी दिलं. त्यानंतर पूर्वेला तापीच्या कडेकडेने बऱ्हाणपूर गाठा. राजधानीही याच वाटेने गेली होती.