म्हातारा गुरू मधातच काहून मरते?

रोवण्याचे दिवस, पाऊस लागून होता आणि लाइन गेलेली, म्हणून आमच्या ओसरीत चार पोट्टे एका मोबाइलवर डोकं खुपसून कार्टून पाहून राह्यले होते. जादूची दुनिया, एक बारकं पोरगं, त्याचा पांढऱ्या दाढीचा गुरू आणि पोराच्या खांद्यावर बसून सारखा बडबडणारा एक पक्षी. ऐन लढाईत गुरू मेला आणि माझी पुतणी रडकुंडीला येऊन म्हणे, "काका, यायले दरवेळी मधातच काहून मारतेत?"

प्रश्न लय मोठा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ती रडली कोणासाठी, तर चार रेघा आणि रंगासाठी. १९४४ साली हायडर आणि सिमेल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म बनवली, त्यात दोन त्रिकोण, एक गोल आणि एक चौकोनी घर, बस्स, ना डोळे ना तोंड. ३४ जणांना दाखवून विचारलं की काय पाहिलं, तर एकजण सोडून सगळ्यांनी मोठा त्रिकोण दांडगाई करून राह्यला, बारका त्रिकोण लढून राह्यला, अशी जिवंत माणसांची गोष्ट सांगितली! म्हणजे कोण कोणाच्या बाजूचा हे आपला मेंदू नुसत्या हालचालीवरून ठरवते. कार्टूनवाले आकारांचाही उपयोग करतात, जिवलग दोस्त गोलमटोल आणि दुष्ट टोकदार, आणि २००६ च्या एका प्रयोगातही लोकांना टोकदार वस्तूंपेक्षा गोलसर वस्तू जास्त आवडल्या होत्या.

मदत करणारा चांगला, ही समज जन्मताच असते का, यावर मात्र भांडण आहे. २००७ मध्ये ६ आणि १० महिन्यांच्या बाळांना चढ चढणारा एक लाकडी तुकडा दाखवला, एक तुकडा त्याला वर ढकलते, दुसरा खाली लोटते, आणि बहुतेक बाळांनी मदत करणाऱ्यालाच हात घातला. पण अलीकडे कितीतरी लॅबनी मिळून हजारावर बाळांना तोच खेळ व्हिडिओवर दाखवला तर निवड जवळपास निम्मी-निम्मी झाली. मला हे विज्ञानाचं फार आवडते, आपलीच गोड वाटणारी गोष्ट पुन्हा तपासते.

आता गुरूकडे येऊ. १९७६ मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी ३, ४ आणि ५ वर्षांच्या ३० लेकरांना एकात एक बसणारे २१ लाकडी ठोकळे देऊन मनोरा रचायला लावला, सोबत एक शिकवणारी बाई. तीन वर्षांच्या लेकराला मुळात खेळात ओढून आणावं लागे, चार वर्षांच्याला चूक दाखवावी लागे, पाच वर्षांचं पोरगं फक्त "बरोबर आहे का?" एवढंच पाहायला तिच्याकडे वळे. घर बांधताना बल्ल्या बांधतात ना, भिंत पक्की झाली की सोडून टाकतात, तसाच हा आधार असते आणि इंग्रजीत याला तेच बल्ल्यांचं नाव, स्कॅफोल्डिंग, दिलं आहे. माझ्या मते कार्टूनमधला गुरू म्हणूनच जाते, तो शेवटपर्यंत बाजूला उभा राह्यला तर राक्षस तोच मारीन आणि पोरगं नुसतं पाहत राहीन. मारलंच पाहिजे असं नाही, गावाला धाडलं तरी चालते.

आणि तो बडबड्या पक्षी? पुस्तकात लेखक लिहू शकते की पोरगं मनात घाबरलं, पडद्यावर मन दिसत नाही, म्हणून कोणीतरी सोबत लागते ज्याला ते "मला भीती वाटते" असं बोलून दाखवीन. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात अर्ध्या रात्री विनोदी पात्र एन्ट्री घेते, पब्लिक पोट धरून हसते आणि मग पुढचा रडायचा सीन जास्त लागते, पक्षी तेही काम करते.

पुतणीला मी जांबुवंत सांगितला. समुद्र शंभर योजनांचा, म्हातारा जांबुवंत म्हणे आता मी नव्वदच जाईन, मग एका बाजूला गुपचूप बसलेल्या हनुमंताला त्याची ताकद त्याने आठवण करून दिली, आणि स्वतः काठावरच थांबला.

"मंग तो मेला?" तिने विचारलं.

"नाही बाई, वाट पाहत बसला."

"हे बरं केलं," म्हणे, आणि पुन्हा मोबाइलमध्ये घुसली.