दगडाला भाव येतो तेव्हा

जमिनीत किती तांबे उरले आहे, याचे उत्तर एकट्या भूवैज्ञानिकाला देता येत नाही. ‘साठा’ म्हणून जो आकडा छापला जातो, त्यात आजच्या भावात आणि आजच्या तंत्राने काढायला परवडेल तेवढाच दगड धरलेला असतो. भाव चढला की कालचा टाकाऊ दगड साठ्यात येतो आणि भाव पडला की बाहेर जातो. तो दगड मात्र जागचा हललेलाही नसतो.

अमेरिकेत युटामधल्या बिंगहॅम कॅन्यनला तांबे होते, पण दगडाचा कस, म्हणजे त्यातले तांब्याचे प्रमाण, जेमतेम २ टक्के. भुयारे खणून ते काढणे परवडेना. खाण अभियंता डॅनियल जॅकलिंग यांनी १९०६ च्या सुमारास वाफेची फावडी लावून डोंगरच वरून उकरायला घेतला. टनामागचा खर्च एवढा खाली आला की हलका कसही चालून गेला. आज १ टक्क्याहून कमी कसाच्या खाणीही नफा कमावतात.

भाव आपण हवा तिथे रोखू, असे मात्र अनेकांना वाटून गेले आहे. कथिलाची गोष्ट त्यातली सर्वांत महागडी. १९५६ पासून उत्पादक आणि ग्राहक देशांची एक परिषद भाव पडला की कथिल विकत घेई आणि चढला की विकून टाकी. कित्येक वर्षे हे निभावलेही. पण चढा ठेवलेला भाव पाहून कराराबाहेरच्या ब्राझीलने उत्पादन वाढवले, आणि शीतपेयांचे डबे कथिलाचा मुलामा सोडून अ‍ॅल्युमिनियमकडे वळले. परिषद उसने पैसे काढून खरेदी करत राहिली. २४ ऑक्टोबर १९८५ रोजी तिच्या व्यवस्थापकाने पैसे संपल्याचे कळवले. लंडन मेटल एक्स्चेंज या धातूंच्या बाजाराने कथिलाचे व्यवहार त्याच दिवशी थांबवले. ते पुन्हा सुरू व्हायला १९८९ उजाडले. दरम्यान भाव निम्म्यावर आला. बोलिव्हियात सरकारी खाणींतले वीस हजारांहून अधिक कामगार घरी बसले, आणि इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या जुन्या खाणी एकेक करून बंद पडल्या. लंडनच्या दलालांचे बुडालेले पैसे त्या काळी अधिक गाजले, हे वेगळे सांगायला नको.

भाव वाढला की पुरवठा वाढेल, हा हिशेबही दरवेळी जुळत नाही. नवी खाण उभी राहायला दहा-दहा वर्षे जातात. कोबाल्ट या धातूची अडचण तर आणखी वेगळी: तो बहुतेक तांब्याच्या किंवा निकेलच्या खाणीतून जोडीने निघतो, त्यामुळे त्याची मागणी कितीही वाढली तरी तो किती निघणार हे तांब्याच्या बाजारावर ठरते. १९७८ मध्ये तेव्हाच्या झाईरमधील (आताचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) कोबाल्टच्या खाणी असलेल्या शाबा प्रांतात बंडखोर घुसले आणि कोबाल्टचा भाव कित्येक पटींनी उसळला. खाणी लवकरच पुन्हा चालू झाल्या. पण तोवर चुंबक बनवणाऱ्यांनी कोबाल्ट लागत नाही अशा फेराइटकडे (लोहाच्या ऑक्साइडपासूनचा चुंबकीय पदार्थ) मोर्चा वळवला होता, आणि ते गिऱ्हाईक बरेचसे परतलेच नाही.