‘हाय व्होल्टेज’ : एकाच नावाचे दोन पहिले अल्बम

एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचा पहिला अल्बम कोणता, असं विचारलं तर चाहते ‘हाय व्होल्टेज’ असं सांगतात. उत्तर बरोबर आहे. फक्त त्यातल्या बहुतेकांनी ऐकलेला असतो तो १९७६ चा ‘हाय व्होल्टेज’, आणि बँडचा खरा पहिला अल्बम त्याच नावाने त्याआधी वर्षभर, फेब्रुवारी १९७५ मध्ये, ऑस्ट्रेलियात आला होता. दोन्हींत सामाईक गाणी दोनच.

मूळ अल्बमचं रेकॉर्डिंग नोव्हेंबर १९७४ मध्ये सिडनीच्या अल्बर्ट स्टुडिओत झालं. गायक बॉन स्कॉट नुकताच बँडमध्ये आला होता. निर्माते होते हॅरी व्हँडा आणि जॉर्ज यंग. जॉर्ज हा माल्कम आणि अँगस या गिटारवादक भावांचा थोरला भाऊ. ‘ईझीबीट्स’ या बँडमधून त्याने आणि व्हँडाने १९६६ मध्येच जागतिक यश पाहिलं होतं. धाकट्यांच्या रेकॉर्डवर त्याने बराचसा बेस गिटारही वाजवला. बँडला तेव्हा पक्का ड्रमर नव्हता. एक गाणं सोडलं तर सगळीकडे ऐकू येतात ते टोनी करेंटी, इटलीहून आलेले स्टुडिओ वादक. या अल्बमचा सगळा ठेका त्यांनी पेललाय, तरी त्यांचं नाव कित्येक वर्षं फारसं कुणाला माहीत नव्हतं. मला ही गोष्ट आजही खटकते.

आठ गाण्यांचा हा अल्बम चाचपडणारा आहे. जुन्या ब्लूजवरचं ‘बेबी, प्लीज डोन्ट गो’ सुसाट धावतं, ‘सोल स्ट्रिपर’ सहा मिनिटांहून जास्त वेळ गिटारींवर रेंगाळतं, आणि ‘लव्ह साँग’ तर चक्क हळवं प्रेमगीत आहे. सिंगल, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी तबकडी, काढताना हेच प्रेमगीत पुढच्या बाजूला ठेवलं होतं. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटून मागचं ‘बेबी, प्लीज डोन्ट गो’ वाजवलं आणि तेच गाजलं. बँडने कुठल्या वाटेने जायचं, हे श्रोत्यांनी तिथेच सांगून टाकलं, असं मला वाटतं. ‘हाय व्होल्टेज’ नावाचं गाणं मात्र या अल्बमवर नाहीच. ते नंतर रेकॉर्ड होऊन १९७५ च्या मध्यावर सिंगल म्हणून आलं.

मग फिल रड ड्रमवर आणि मार्क इव्हान्स बेसवर आले, आणि डिसेंबर १९७५ मध्ये ‘टीएनटी’ हा दुसरा अल्बम निघाला. आज आपण एसी/डीसीचा म्हणून जो आवाज ओळखतो, तो इथे पहिल्यांदा पूर्ण सापडतो. याच सुमारास अटलांटिक कंपनीशी करार झाला. तिने १९७६ मध्ये जगभरासाठी अल्बम काढला तो नऊ गाण्यांचा : सात ‘टीएनटी’मधली, आणि पहिल्या अल्बममधली फक्त ‘शी’ज गॉट बॉल्स’ व ‘लिटल लव्हर’. नाव मात्र पहिल्याचं. निवड म्हणून हा निर्णय चोख होता. अनोळखी बँडची उत्तम गाणी एकत्र आली. तरी अमेरिकेत ‘रोलिंग स्टोन’ या संगीतविषयक मासिकाने तेव्हा त्याची सालटी काढली. पुढे तिथेच त्याच्या लाखो प्रती खपल्या.

किंमत मोजली ती मूळ अल्बमने. २००३ मध्ये एपिक कंपनीने जुने अल्बम नव्याने रीमास्टर केले, तेव्हाही ‘हाय व्होल्टेज’ म्हणून आला तो १९७६ चाच. उरलेल्या सहा गाण्यांपैकी चार १९८४ च्या ‘’७४ जेलब्रेक’ या ईपीवर, म्हणजे छोटेखानी अल्बमवर, आली. नावातलं ’७४ या चार गाण्यांनाच लागू पडतं, कारण ‘जेलब्रेक’ हे शीर्षकगीत १९७६ चं आहे. ‘स्टिक अराउंड’ आणि ‘लव्ह साँग’ यांना मात्र २००९ च्या ‘बॅकट्रॅक्स’ संचाची वाट पाहावी लागली.

म्हणजे १९७६ चा अल्बम, ही ईपी आणि ‘बॅकट्रॅक्स’ हाताशी असतील, तर आठही गाणी जुळवता येतात. मूळ क्रमाने ऐकायची तर सुरुवात ‘बेबी, प्लीज डोन्ट गो’ने करावी आणि शेवट ‘शो बिझनेस’ने.